जुनजुनचे बूट

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, म्हणजे नंतर कुणी मधे तोंड घालायचं नाही. ते बूट लिझेलचे नव्हतेच. एकही जोड नव्हता. लिझेलचा पाय एवढासा, सँडलसुद्धा लहान पोरींच्या सेक्शनमधून घ्यायची, आणि स्लाइडवर दिसत होते ते बूट असे ढब्बे, की तिच्या पायात होड्या घातल्यासारखे दिसले असते. बघणाऱ्याला हे दिसत होतं. पण बघायचं असेल तर ना! ओजसला बघायचं नव्हतं, आणि त्याच्या बाबांना तर अजिबातच नव्हतं.

तर पंच्याण्णव साल, अमेरिकेतलं एडिसन. उपासना मेश्राम अकरावीत होती. तिचे बाबा देवानंद एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट, आई मीरा गावच्या लायब्ररीत. लिझेल म्हणजे तिच्या शेजारच्या लॉकरवाली फिलिपिनो मुलगी, दोनच वर्षांपूर्वी बातांगासहून आलेली. दोघींची दोस्ती कशावरून झाली? भातावरून! सगळं कॅफेटेरिया पिझ्झा खातंय आणि ह्या दोघीच डब्यातून भात काढतायत. लिझेलने हिच्या डब्यात डोकावून विचारलं, "तुमच्याकडे पण रोज?" ही म्हणाली, "रोज." झालं. तेव्हापासून दोघी एका ताटात.

लिझेल इंग्रजीतच बोलायची हं, पण आपण मराठीतच ऐकूया, नाहीतर गोष्ट संपायची नाही.

लिझेलच्या घरी गेलं की दारातच आधी काय लागायचं, तर खोका. हा एवढा, कमरेपर्यंत उंच पुठ्ठ्याचा. बालिकबायन बॉक्स म्हणतात त्याला. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक फिलिपिनो घरात तो असतोच म्हणे, कायम तोंड उघडून बसलेला. सेल लागला की टूथपेस्ट टाक, साबण टाक, टॉवेल टाक, डबाबंद मटण टाक, चॉकलेट, शाम्पू, कुणाच्या मापाची जीन्स. भरला की दोरीने आवळायचा आणि बोटीने तिकडे धाडायचा. लिझेलची आई, तिता नॉर्मा, नर्स होती. तिता म्हणजे आपलं मावशी. बिचारी दोन-दोन शिफ्टा करायची, घरी यायची ती बूट काढत काढत खोक्यात काहीतरी टाकायची आणि मग झोपायची. लिझेल चार वर्षांची असताना तिता अमेरिकेत आली होती. लिझेलला बोलावून घ्यायला दहा-अकरा वर्षं लागली. मुलीचे कागद झाले, मुलाचे अडकले. त्यामुळे लिझेलचा भाऊ जुनजुन, वय तेरा, अजून तिकडेच आजीकडे.

आणि बूट होते जुनजुनचे. जुनजुनचे आणि त्याच्या तीन चुलतभावांचे. चार पोरं, चार मापं. दिवाळीच्या सुमारास खोका निघाला तर ख्रिसमसला पोचतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये लिझेलच्या खोलीत हा सगळा पसारा पलंगावर मांडलेला असायचा. काय राहिलं, कुणाचं कमी झालं, कोण रुसेल.

आता ओजस. डॉक्टर हेमचंद्र आणि वसुधाकाकूंचा एकुलता एक. काका एडिसनमधले सगळ्यात जुने मराठी डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ, मंडळाचे तीनदा अध्यक्ष. ओजस उपासनाच्याच वर्गात आणि नुकतं लायसन्स मिळालेलं, त्यामुळे सगळ्यांना राइड देत फिरायचा. पोरगा तसा वाईट नव्हता, पण बाबांनी पाठ थोपटावी म्हणून कायपण करेल असला. त्या शुक्रवारी तो दोघींना लिझेलच्या घरी सोडायला आला आणि म्हणाला, "ए, माझा सोशल स्टडीजचा प्रोजेक्ट आहे, वेगवेगळ्या देशांच्या मुलांची घरं. दोन फोटो काढू का?"

लिझेलने उपासनाकडे बघितलं. उपासना म्हणाली, "काढू दे गं, आपलाच आहे."

आपलाच आहे! हे दोन शब्द तिला नंतर इतके झोंबले ना.

लिझेल खूश झाली. तिने त्याला पलंगावरचं सगळं दाखवलं, हे कुणाचं, ते कुणाचं. ओजस होहो करत होता, कॅमेरा खटाखट. मग लिझेलला लहर आली. तिने जुनजुनचा एक बूट उचलला, फोनसारखा कानाला लावला आणि ओरडायला लागली, "हॅलो, जुनजुन? ऐकू येतंय का? हॅलो?" कारण खऱ्या फोनवर पण असंच व्हायचं, अर्धा वेळ हॅलो हॅलोतच जायचा. उपासना हसून हसून गादीवर पडली. खटाक. तोही फोटो निघाला.

बास. एवढंच झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दाराशी रांगोळी, मागे वड्यांचा घाणा. त्यात युवा मंचाची स्पर्धा होती, विषय 'माझी मूल्यं'. ओजस लिझेलला म्हणाला, "तू पण ये ना, तुझे फोटो आहेत माझ्या प्रेझेंटेशनमध्ये." लिझेल तर उडालीच! तिने उपासनाचा निळा पंजाबी ड्रेस मागून घेतला, टिकली लावून घेतली, दहा वेळा विचारलं, "तुमच्यात मांस चालत नाही ना? अंडं?" आणि सकाळी उठून तुरोन तळले. म्हणजे केळ्याचे रोल, वर साखरेचा पाक चढवलेला, कुरकुरीत. मोठा ट्रे भरून. मंडळाच्या टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटांत फस्त. विनीतामावशी बोटं चाटत म्हणाली, "अगं, रेसिपी दे हं मला!" लिझेलचा चेहरा असा फुललेला.

हे मुद्दाम सांगतेय. तिच्या हातचा पाक ह्यांच्या बोटांना चिकटलेला होता, अजून पुसलापण नव्हता, आणि पुढचं झालं.

दिवे मालवले. काकांचा स्वतःचा स्लाइड प्रोजेक्टर, कॉन्फरन्सला नेतात तो, गोल चकतीवाला. ओजस टाय लावून उभा. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत: वस्तू आणि सुख. फिलिपिनो टीनएजर्सचा अभ्यास.

अभ्यास! शाळेतल्या पाच पोरांना, त्यात लिझेलपण, लंचला गाठून चार प्रश्न विचारले, त्याला अभ्यास म्हणतात!

"ह्या मुलांना विचारलं," ओजस इंग्रजीत सांगत होता, "की काय मिळालं तर तू जास्त सुखी होशील? सगळ्यांनी वस्तूंची नावं घेतली. बूट. जीन्स. परफ्यूम. मग विचारलं, तुम्ही सुखी आहात का? तर बहुतेकजण नाही म्हणाले." मग एक आलेख आला, काकांनी काढून दिलेला, उघडच होतं. वस्तू वर चढतायत, सुख खाली घसरतंय, मधे लाल फुली.

लिझेल अजून हसतमुखच होती, आपले फोटो कधी येतात म्हणून मान उंच करून.

आणि आली की तिची खोली. भिंतभर. पलंगावर चार जोड बूट, साबणाचा ढीग, टॉवेल, परफ्यूमच्या बाटल्या, कोपऱ्यात तितांचा युनिफॉर्म वाळत घातलेला. हॉलमधून 'ओ हो हो' असा आवाज निघाला.

"ही एका मुलीची खोली," ओजस म्हणाला. "एका. तिची आई नर्स आहे, दोन शिफ्ट करते. आणि मुलीला हे सगळं लागतं."

"अरे बापरे," मागून कुणीतरी. "आमच्या वेळी दोन फ्रॉकवर वर्ष काढायचो."

"साबण किती रे ते! आंघोळ करते की दुकान काढतेय?"

हशा.

खटाक. पुढची स्लाइड. लिझेल, बूट कानाला. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

"आणि हे," ओजस थांबला, बाबांनी शिकवला असणार तो पॉझ, "शी लिटरली टॉक्स टू हर शूज."

काय हसला हॉल! अरे म्हणजे खुर्च्या करकरल्या. उल्हासकाकांना तर ठसका लागला, तुरोनच होता तोंडात. उपासनाने शेजारी बघितलं. लिझेल अजिबात हलत नव्हती. तिने फक्त हात वर नेला आणि कपाळावरची टिकली काढली. काढून तळहातावर धरून बसली. हळूच विचारलं, "तू त्याला सांगितलं नव्हतंस का?"

"तू सांगितलंस की त्याला! माझ्यासमोर सांगितलंस!"

"मग?"

दिवे लागले, टाळ्या झाल्या. हेमचंद्रकाका माइकपाशी आले आणि म्हणाले, "शाब्बास! मित्रहो, हे बघून मला एकच वाटतं. आपली मुलं भाग्यवान आहेत. आपल्याकडे साधी राहणी आहे. आपण वस्तूंच्या मागे कधी धावलो नाही. ह्या बिचाऱ्या मुलांना कुणी हे शिकवलंच नाही हो."

उपासना उभी राहिली. ठरवून वगैरे नाही, पायच उठले.

"काका, ते बूट तिचे नाहीयेत."

"काय गं बाळा?"

"तिचे नाहीयेत! तिच्या भावाचे आहेत. चारही वेगवेगळ्या मापांचे आहेत, स्लाइड परत लावा आणि बघा! ते सगळं खोक्यात भरून घरी पाठवतात. ख्रिसमसला. ओजसला माहितीये. ओजस, तुला माहितीये ना?"

ओजस टाय चाचपत बसला. "हो, म्हणजे... मेन्शन केलं होतं तिने."

"मग टाकलं का नाहीस?"

"डॅड म्हणाले, त्याने पॉइंट वीक होतो."

ऐकलंत? पॉइंट वीक होतो! एक जितीजागती मुलगी हॉलमध्ये बसलीय, हिचा ड्रेस घालून, आणि ह्यांचा पॉइंट वीक होतो.

काकांनी हसून हात वर केला. मनाच्या डॉक्टरांचं ते हसू असतं ना, समोरच्याला आधी पेशंट करून टाकणारं. "उपासना, यू आर व्हेरी इमोशनल. कुणासाठी का असेना, वस्तू म्हणजेच प्रेम हीच तर व्हॅल्यू सिस्टिम आहे ना त्यांची? तोच तर मुद्दा आहे."

आणि इथे उपासनाला रविवार आठवला. म्हणजे तुम्हाला पण सांगायला हवं. काकू डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार होत्या आणि त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून आदल्या रविवारी बॅगा उचलायला त्यांनी उपासनाला बोलावलं होतं. दोन महिने आधीपासून! गेस्टरूमच्या पलंगावर काय काय होतं, काय सांगू. आणि आपल्याकडे बॅग कशी भरतात ते माहितीच आहे तुम्हाला. बाथरूममधला वजनकाटा आणायचा, उपासनाने बॅग उचलून काट्यावर उभं राहायचं, काकूंनी वाकून आकडा वाचायचा, मग "काढ गं तो टँगचा डबा, नाही नको काढू, जाऊबाई बोलतील," मग परत काट्यावर.

"काकू," उपासना म्हणाली. काकू दुसऱ्या रांगेत, जांभळी पैठणी. "काकू, रविवारी आपण काय भरत होतो?"

वसुधाकाकू बाई भोळी हो. खरंच भोळी. त्या तिथल्या तिथे वळल्या आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगो बाई! खरंच की!" आणि सुरूच झाल्या. "अहो, साबण तर आपलेपण आहेत की! ते पांढरे, वासाचे. मालूताईंकडे सहा, तुमच्या बहिणीकडे सहा, शिवाय कामवालीला. परफ्यूम आहेत. भाच्याचे बूटपण आहेत, त्याने पायाचा कागद कापून पाठवला होता पत्रातून. अगं उपासना, ती जुनी बॅग उचलताना तुला घाम फुटला होता बघ!"

आता हॉल वेगळा हसला. कारण सगळ्यांच्याच घरी त्या बॅगा होत्या ना! संजीवदादा ओरडला, "काका, फोटो काढा की गेस्टरूमचा!"

काकांचं हसू गेलं. "वसुधा, बस खाली. ते वेगळं आहे." मग माइक तोंडाजवळ ओढून म्हणाले, "ते वेगळं आहे. आपण प्रेमाने नेतो."

लिझेलला मराठी कुठलं कळायला. तिने उपासनाची ओढणी ओढली. "काय म्हणाले ते?"

उपासनाला वाटलं, खोटं सांगावं. पण नाही सांगवलं. "म्हणाले, आम्ही प्रेमाने नेतो."

लिझेलने विचारलं, "आणि आम्ही?"

बास, ह्यानंतर उपासना खुर्चीत राहणं शक्यच नव्हतं. ती रांगेतून बाहेर आली, लोकांचे पाय तुडवत, आणि तडक प्रोजेक्टरपाशी. चकतीतून स्लाइड उपसायला लागली. एक उलटी निघाली, दुसरी खाली पडली. ओजस धावत आला. "ए! हे माझं प्रोजेक्ट आहे! फिल्मचे पैसे मी दिलेत!"

"खोली तिची आहे. तोंड तिचं आहे. तुझं काय आहे ह्यात?"

"उपासना!" हेमचंद्रकाकांचा आवाज चढला. "कार्यक्रमाची शिस्त आहे काही. मेश्राम, जरा मुलीला आवरा तुमच्या."

आता सगळे वळून देवानंदकडे बघायला लागले. हा माणूस मंडळात कधी बोलायचा नाही. दहा वर्षं येत होता, शेवटच्या रांगेत बसायचा, खुर्च्या उचलायला लागायचा. आणि कायम सूट. उन्हाळ्यातल्या पिकनिकलापण कडक इस्त्री आणि बूट असे चकाचक, की आरसा. त्यावरून टोमणेपण कमी नव्हते: "काय देवानंदराव, इंटरव्ह्यू आहे का?" तो हसून सोडून द्यायचा. का घालतो ते मंडळात कुणी विचारलं नव्हतं. उपासनाला माहिती होतं. तिचे पणजोबा वर्ध्याकडच्या एका गावात राहायचे, आणि त्या गावातल्या मोठ्या आळीतून जाताना त्यांना पायातल्या चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या. असतील तर. देवानंद रोज रात्री बूट पॉलिश करायचा तेव्हा घरात टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. कुणी सांगितलं नव्हतं, व्हायचा आपोआप.

तो उठला. मीरा म्हणाली, "अहो, जाऊ द्या," पण तिने पाय बाजूला घेतले, त्याला जायला वाट दिली. देवानंद चालत पुढे गेला, ठकठक, लाकडी फरशी होती. प्रोजेक्टरपाशी मुलीच्या शेजारी उभा राहिला. सगळ्यांना वाटलं आता दोन रट्टे देतो की काय.

तो म्हणाला, "उपासना, सावकाश काढ. ओरखडा पडेल त्यांच्यावर. मी आहे इथे उभा."

मग काकांकडे वळला. "डॉक्टरसाहेब, बुटांवरून माणसाची किंमत करू नये असंच तुमचं म्हणणं ना? बरोबर आहे. मग ह्या पोरीची कशावरून केलीत?"

काकांनी माइक बंद केला. मागे घाण्यात वडा तळल्याचा आवाज येत होता.

उपासनाने सगळ्या शोधून काढल्या. खाली पडलेली तिने खुर्चीखाली वाकून घेतली. ओजस जवळच उभा होता. त्याने पायाने एक तिच्याकडे सरकवली, बूट कानाला धरलेली, आणि पुटपुटला, "सॉरी यार." ती म्हणाली, "मला काय म्हणतोस?" तर हा पायाकडे बघत उभा. लिझेलकडे गेला? नाही गेला. चार खुर्च्या लांब होती ती.

आणि ऐका, कहर म्हणजे बक्षीस त्यालाच मिळालं! हो! पहिलं! परीक्षकांनी आधीच ठरवून पाकीट बंद केलं होतं म्हणे, आता कसं बदलणार. त्याने घेतलंपण, मान खाली घालून, पण घेतलं. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत, एवढंच.

लिझेल तोपर्यंत बाहेर पार्किंगमध्ये गेली होती. मागोमाग वसुधाकाकू लंगडत आल्या, धुतलेला ट्रे घेऊन. इंग्रजी त्यांना जेमतेम. त्यांनी ट्रे लिझेलच्या हातात दिला, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "माय बॅग, सेम. सेम टू सेम." लिझेलने "थँक यू, आंटी" म्हटलं. काकू रडायला लागल्या, तिला काही रडू आलं नाही.

देवानंदने दोघींना गाडीत घातलं. मीरा पुढे. अर्धा रस्ता गेला. मग उपासनाच फुटली. "मी सोडणार नाहीये त्याला. सोमवारी शाळेत सोशल स्टडीजच्या मिसेस ग्रँटला सगळं सांगणारे. तो आलेख खोटा आहे! सगळंच खोटं आहे!"

"सगळं नाही," लिझेल म्हणाली.

"म्हणजे?"

"मी सुखी नाही असं मीच सांगितलं त्याला. ते खरंय." ती खिडकीबाहेर बघत होती, पेट्रोलपंप, डोनटचं दुकान, परत पेट्रोलपंप. "मी लहान असताना दरवर्षी खोका यायचा. आम्ही तो फोडायचो तेव्हा एक वास यायचा आतून, साबण आणि चॉकलेट आणि पुठ्ठा असा मिळून. आम्ही सगळे आधी वास घ्यायचो. मग एअरपोर्टला आले मी इथे, तेव्हा समोर एक बाई आली, मला मिठी मारली, आणि मला चेहरा ओळखू आला नाही. वास आला ओळखीचा. खोक्याचा. म्हणून कळलं की ही आई."

मीराने मागे वळून बघितलं.

"आता जुनजुन तसाच झालाय," लिझेल म्हणाली. "आवाज फुटलाय म्हणे त्याचा. मी नीट ऐकलाच नाही अजून. फोनवर लाजतो, पाच शब्द बोलतो, त्यातला एक 'बूट'. मला त्याचा आवाज नीट आठवत नाही, पण पायाचा नंबर पाठ आहे. ओजसने काय दाखवलं? वस्तू हव्यात म्हणून दुःखी. अरे, उलटं आहे! माणूस नाही म्हणून वस्तू. एवढं कळत नाही त्याच्या बाबांना? डॉक्टर ना ते?"

"म्हणून तर मी—"

"तू ओरडलीस ते बरं केलंस," लिझेल म्हणाली. "पण त्याला घरात तू आणलं होतंस."

बरोबरच होतं. देवानंदने आरशातून बघितलं आणि गाडी चालवत राहिला. मुलीची बाजू घ्यायची ती वेळ नव्हती, त्याला कळत होतं.

लिझेलच्या घरापाशी गाडी थांबली तर बाहेर दिवसाचा उजेड होता अजून. तिता नॉर्मा ड्यूटीवर. लिझेल उतरली, चार पावलं गेली, मागे वळली. "येतेस का? खोका सोमवारी न्यायला येणारेत. दाबून बसवायला दोन माणसं लागतात."

उपासनाने आई-बाबांकडे बघितलंसुद्धा नाही, उडीच मारली.

मग दोघींनी भरला. तळाशी डबे, कडेला टॉवेल खुपसले, साबण फटींमध्ये. उपासना खोक्यात एक पाय घालून दाबत होती आणि तोंडाने अखंड ओजसचा उद्धार चालू होता, त्याच्या टायपासून त्याच्या प्रोजेक्टरपर्यंत. शेवटी लिझेलला हसू आलंच. शेवटी राहिले जुनजुनचे बूट. नवे बूट असतात तसे, पुढे टोकात कागदाचे बोळे कोंबलेले. लिझेलने हात पुढे केला.

"दे."

उपासनाने पर्समधून स्लाइड काढल्या. लिझेलने एकेक दिव्यासमोर धरून बघितली. खोलीची होती ती तिने वाकवून कचऱ्यात टाकली. आलेखाची पण गेली. बूट कानाला लावलेली मात्र ती बराच वेळ बघत राहिली. एवढ्याशा चौकटीत एवढीशी लिझेल, डोळे मिटून ओरडणारी.

"तिकडे प्रोजेक्टर कुठाय त्यांच्याकडे?" उपासना म्हणाली.

"ऊन आहे ना. उन्हात धरेल."

तिने उजव्या बुटातला कागदाचा बोळा उपसला, आत मनगटापर्यंत हात घातला आणि स्लाइड अगदी टोकात सरकवली.

"अगं, पायाला टोचेल त्याच्या!"

"टोचू दे," लिझेल म्हणाली, आणि खोक्याचं झाकण दाबून त्यावर बसली. "चल, दोरी धर घट्ट."